तेहेतीस अनारसे, एक अमेरिकन

आमचे जावई अमेरिकन आहेत. हे वाक्य कोल्हापुरात उच्चारलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठल्या कंपनीत?" कारण आमच्याकडे अमेरिकेतला जावई म्हणजे सांगली-साताऱ्याकडचा, कॉम्प्युटरमधला, न्यू जर्सीत घर घेतलेला पोरगा. मग मला फोड करून सांगावं लागतं की आमचे जावई अमेरिकेत राहायला गेलेले नव्हेत, मुळातलेच तिथले. सहा फूट तीन इंच, ओहायो राज्यातले, आडनावात 'कर'ही नाही आणि 'पाटील'ही नाही. यावर समोरचा थोडा वेळ गप्प बसतो आणि दुखवट्याला आल्यासारखा म्हणतो, "असू दे, असू दे. माणूस चांगला असला म्हणजे झालं."

माणूस चांगला आहे. पहिल्यांदा कोल्हापुरात आले तेव्हा त्यांनी ताटातला तांबडा रस्सा संपवला, तर वाढप्याने न विचारता वाटी पुन्हा भरली. पांढरा संपवला, तोही भरला. बिलात जादा रस्स्याचा एक रुपया नव्हता. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं तांबड्याचं, निम्मं आनंदाचं. त्यांच्याकडे कोल्ड्रिंकचा पेला रिकामा झाला की असाच फुकट पुन्हा भरून देतात म्हणे. "बाबा, हे तर माझंच गाव," असं ते इंग्रजीत म्हणाले. दोन संस्कृतींचं मीलन वगैरे जे म्हणतात ते आमच्या घरात वाटीत झालं.

आमच्या हिची अडचण वेगळी. जावयाला अरे-तुरे करायची तिची छाती नाही आणि इंग्रजीत अहो-जाहो नाही. तिने 'यू' म्हणून पाहिलं, पण तो तिला अगदीच उघडाबोडका वाटला. शेवटी तिने स्वतःच तोड काढली. वाक्याच्या आधी 'सर' आणि शेवटी 'प्लीज'. "सर, यू ईट, प्लीज." आपल्या सासूबाई पूर्वी विमानात नोकरीला होत्या, असा जावईबापूंचा बरेच दिवस समज होता.

तर २०२३ साली अधिक श्रावण आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. ज्यांच्या घरात जावई नाही त्यांच्यासाठी सांगतो, या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, आणि नारायणाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, वर चांदीचं काहीतरी. पण आमचा नारायण ओहायोत. तिथे नोकरदाराला भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा देशाचा कायदा नाही, मालक देईल ती रजा. जावईबापूंना वर्षाचे दहा दिवस मिळत होते आणि ते त्यांनी आधीच युरोपला वाहून टाकले होते.

"मग तुम्हीच या ना रोमला," कन्या फोनवर म्हणाली. "अर्ध्या वाटेवर भेटू."

मी चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला आहे. रोम अर्ध्या वाटेवर पडत नाही, हे मी नकाशा पसरून सिद्ध केलं. ते ऐकायला खोलीत कोणी नव्हतं. ही आत तांदूळ भिजत घालत होती.

छत्तीस अनारसे झाले. तेहेतीस वाणाचे, तीन मोडतोडीचे. त्यातला एक मी मस्कतच्या आसपास आकाशात खाल्ला. तो मोडलेला होता. म्हणजे मी खाल्ल्यावर मोडला.

१८ जुलैला आम्ही चौघं रोममध्ये भेटलो. त्या दिवशी पंचांगात अधिक लागला आणि रोममध्ये पारा ४१.८ अंशांवर गेला. रोमच्या नोंदींतला तो उच्चांक. हॉटेल लहानसं, घरगुती, जुन्या वाड्यासारखं. काउंटरवरच्या माणसाने वही चाळली आणि मान हलवली. बुकिंग नाही. जावईबापूंनी स्वतः पाठवलेला ईमेल दाखवला. त्यात तारीख होती ७/१८.

"सात तारीख समजली," तो शांतपणे म्हणाला. "पण सर, हा अठरावा महिना कुठला?"

अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस, हे जावईबापू त्याला समजावत असताना हिने मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. "अठरावा?" ही म्हणाली. "आपल्यातसुद्धा फार तर तेरावा असतो." आणि तो तर त्याच सकाळी लागला होता. दुष्काळातला तेरावा महिना मुलांना वाक्प्रचार म्हणून पाठ करायला लावला होता, चार बॅगा घेऊन त्यात उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली.

अखेर खोली मिळाली. पहिल्या मजल्यावर. अमेरिकेत पहिला मजला म्हणजे जमिनीवरचाच. त्यामुळे जावईबापू बॅगा घेऊन थेट मालकाच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तिथे कांदा चिरणाऱ्या बाईला "हाय" म्हणाले. घामाने निथळत बाहेर आले ते ओरडतच, "एकशे सात आहे हो, एकशे सात!" ते फॅरनहाइटमध्ये बोलत होते. काउंटरवरचा माणूस सेल्सिअसमध्ये ऐकत होता.

"शंभराला पाणी उकळतं, सर," त्याने आठवण करून दिली.

मला यात नवल वाटलं नाही. १९९९ साली मंगळाकडे निघालेलं अमेरिकेचं एक यान असंच नाहीसं झालं. एका गटाने बळ पौंडांत मोजलं, दुसऱ्याला ते न्यूटनमध्ये आहे असं वाटलं. ज्यांना मंगळाने सोडलं नाही त्यांना रोम काय सोडणार?

"एसी नाही? मग खोली गार कधी होते?" जावईबापूंनी विचारलं.

"ऑक्टोबरात."

मग तो माणूस माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अमेरिकन?"

मी मान डोलावली.

"तुमचे साहेब?"

"जावई."

त्याने मला पाण्याची थंड बाटली दिली. पैसे घेतले नाहीत.

त्या बाटलीने माझ्या डोक्यात प्रकाश पडला, असं आज म्हणायला हरकत नाही. जगात अमेरिकन माणसाबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं. माणूस नंतर येतो, मत आधी येऊन बसलेलं असतं. आणि ही काही आजची गोष्ट नाही. १८६७ साली 'क्वेकर सिटी' नावाच्या बोटीतून अमेरिकन प्रवाशांचा एक जथा युरोप पाहायला निघाला. त्यात मार्क ट्वेन होता. त्याने १८६९ साली त्या सहलीचं पुस्तक काढलं आणि आपल्याच लोकांची यथेच्छ टर उडवली. गाइडचं नाव उच्चारता येत नाही म्हणून ही मंडळी प्रत्येक गाइडला 'फर्ग्युसन' म्हणत. आणि गाइड भक्तिभावाने कोलंबसचा पुतळा दाखवू लागला की निरागस चेहऱ्याने विचारत, "हे गृहस्थ वारले का?" तेव्हापासून युरोपातले गाइड अमेरिकन दिसला की आधी एक सुस्कारा सोडून घेतात. आमच्या गाइडबाईंनीही सोडला. वास्तविक जावईबापू मनापासून प्रश्न विचारत होते. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या चेष्टेचं व्याज त्यांच्याकडून वसूल चाललं होतं. १९९० साली शंभरातल्या जेमतेम पाच अमेरिकनांकडे पासपोर्ट होता, आज निम्म्यांकडे आहे. म्हणजे पाचांनी हिंडून करून ठेवलेलं नाव बाकीच्यांनी आता भोगायचं.

जावईबापूंना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून ते बिचारे तयारीनिशी आले होते. टोपी घरी ठेवलेली. पांढरे बूट घरी ठेवलेले, कारण पांढऱ्या बुटांवरून अमेरिकन लांबून ओळखू येतो. त्याऐवजी त्यांच्या पायांत मी लग्नात दिलेल्या कर्रकर्र वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला. आणि ते टाळलेले पांढरे बूट कुठे गेले? तर माझ्या पायांत. कन्येने ओहायोहून माझ्यासाठी आणले होते, होडीएवढे. परिणामी एक चपलांचा दुकानदार गुडघ्यांवर बसून जावईबापूंच्या पायांकडे डोळे भरून पाहत राहिला आणि माझ्या पायांकडे पाहून त्याने तोंड फिरवलं. (पुढे २०२५ साली मिलानच्या एका बड्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला झळकल्या आणि कोल्हापुरात मोठा गदारोळ झाला. तेव्हा मी चौकात छातीठोकपणे सांगितलं की इटलीत ती चप्पल पहिल्यांदा आमच्या जावयांनी नेली. लोकांनी त्यांनाच दोषी धरलं.)

दुसरी तयारी उभं राहण्याची. जोना मेंडेझ म्हणून एक बाई सीआयएमध्ये वेषांतर विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचं निरीक्षण असं की अमेरिकन माणूस एका पायावर भार टाकून, कशाला तरी रेलून उभा राहतो, तर युरोपियन दोन्ही पायांवर सरळ. गुप्तहेर धाडताना म्हणे आधी ही सवय मोडावी लागते. जावईबापूंनी हे कुठेतरी ऐकलं होतं आणि त्यांना सरळ उभं राहायचं होतं. आता सरळ उभं राहायला शिकवणं हा शाळामास्तराचा हातखंडा. मी कलोसियमसमोर त्यांना सावधान-विश्राम शिकवलं. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, नजर समोर. पाच मिनिटांत त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लागली. एका लहान मुलाने त्यांच्या पायाशी नाणं ठेवलं.

सगळ्यांत मोठा अन्याय मात्र पँथिऑनमध्ये झाला. दोन हजार वर्षांकडे झुकलेली वास्तू, वर घुमट, घुमटाला मधोमध भलंमोठं भोक. त्याच महिन्यात तिथे पाच युरोंचं तिकीट सुरू झालं होतं. "अंबाबाईला तिकीट नाही," ही दारातच म्हणाली. आत मी तिला त्या भोकाचं प्रयोजन समजावत होतो. पाऊस आत कसा येतो, फरशीतून कसा निघून जातो. माझा आवाज हा साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासाठी घडलेला आवाज आहे. तो घुमटाखाली फिरून पुन्हा माझ्याकडेच आला तेव्हा मला वाटलं, कोण एवढं छान समजावतंय? तेवढ्यात तिथला रखवालदार तावातावाने आला, माझ्यासमोरून सरळ पुढे गेला आणि जावईबापूंच्या तोंडापुढे बोट धरून म्हणाला, "शूऽऽऽ!"

जावईबापू तेव्हा तोंड मिटून वर पाहत होते.

मी खुलासा करणार होतो. पण खुलासा करायचा म्हणजे पुन्हा बोलावं लागलं असतं.

रोममध्ये त्यांना अमेरिकन म्हणून जीव लावणारं एकच माणूस भेटलं, ते म्हणजे हॉटेलमालकाची म्हातारी आई. ती दाराशी खुर्ची टाकून बसायची. आता अमेरिकन माणसाला भेटेल त्याला "कसे आहात?" विचारायची सवय असते. त्याला उत्तर नको असतं. आपण रस्त्यात "काय, जेवण झालं का?" म्हणतो आणि समोरचा "नाही" म्हणाला तर पंचाईत होते, तसलाच प्रकार. जावईबापूंनी सकाळी जाता जाता तिला "कशा आहात?" म्हटलं आणि म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. असं कोणीतरी विचारील म्हणून ती बहुधा कित्येक वर्षं त्या खुर्चीत बसली होती. तिने उजवा गुडघा सांगितला, डावा सांगितला, मग सून सांगितली. निम्मं इटालियन, निम्मं हातवाऱ्यांनी. जावईबापू पायरीवर बसले. दहाचं तिकीट होतं ते बुडालं. गुडघा हा शब्द हिला कुठल्याही भाषेत कळतो, त्यामुळे तीही बसली.

गुडघ्यांवरून म्हातारी १९४४वर आली. ४ जूनला अमेरिकन फौजा रोममध्ये शिरल्या तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि रणगाड्यावरच्या एका सैनिकाने तिला चॉकलेट दिलं होतं. एवढं सांगून तिने जावईबापूंपुढे हात पसरला. एकोणऐंशी वर्षांनी आलास तो हात हलवत आलास का, असा एकंदर भाव. जावईबापूंनी खिसे चाचपले. व्यायाम करणारे लोक खातात तसली एक प्रोटीनची वडी निघाली. म्हातारीने हुंगली आणि परत केली.

तेव्हा हिने मनाशी हिशोब केला आणि जादाच्या दोनांतला एक अनारसा काढून तिच्या हातावर ठेवला. म्हातारीने चावला. डोळे मिटले. मग उठून जावईबापूंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि "अमेरिका, अमेरिका" म्हणत पदराने, म्हणजे जो काही होता त्याने, डोळे पुसले.

ही काही बोलली नाही. पण तो अनारसा तिने मनात नोंदवून ठेवला.

नंतर पॅरिस. तिथल्या बेकरीत शिरल्या शिरल्या जावईबापूंनी हसून पाव मागितला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकताच आधी 'बोंझूर' म्हणायचं असतं, ते म्हटल्याशिवाय तुम्ही गिऱ्हाईक नसता, नुसते आत आलेले असता. मला हे फार पटलं. आमच्याकडेसुद्धा "काय मालक" म्हटल्याशिवाय कोणी तागडीला हात लावत नाही. मी हात जोडून "नमस्कार" म्हणालो, तर त्यांना तेवढंही पुरलं. पाव मला मिळाला.

हसण्याचंही तेच. मेट्रोत जावईबापू समोरच्या अनोळखी बाईकडे पाहून हसले. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. कोल्हापुरात असा कोणी हसला तर "कुठलं गाव पाव्हणं?" म्हणून दोन स्टॉपांत सोयरीक निघते. इथे तिने जागा बदलली.

या सगळ्याला कंटाळून जावईबापूंनी तो जुना उपाय केला, जो अमेरिकन पोरं वर्षानुवर्षं करत आली आहेत म्हणतात. त्यांनी शर्टाला कॅनडाचा लाल पानाचा बिल्ला लावला. कॅनडावर कोणाचा राग नसतो. "खोटं बोलू नका म्हणावं, अधिक महिना आहे," ही म्हणाली. पण जावईबापूंचा नाइलाज झाला होता. संध्याकाळी रेस्टॉरंटात बसलो. वेटर आला, त्याने बिल्ला पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "कॅनडा!" मग त्याने हात पसरून जे फ्रेंच सुरू केलं ते संपेचना. मॉन्ट्रियलला त्याचं कोणीतरी असावं. जावईबापू शाळेत स्पॅनिश शिकलेले. त्यांनी धीर करून "सी, सी" म्हटलं. वेटर थांबला. बिल्ल्याकडे पाहिलं. माझ्या बुटांकडे पाहिलं. आणि इंग्रजीत म्हणाला, "बर्फ टाकून पाणी आणू ना?"

जेवणाची त्याहून वाईट गत. अमेरिकेत 'आँत्रे' म्हणजे मुख्य जेवण. फ्रान्समध्ये, म्हणजे जिथला तो शब्द आहे तिथे, त्याचा अर्थ सुरुवातीचं तोंडी लावणं. जावईबापूंनी आँत्रे मागवला. पाळीव चिमणीला पुरेल एवढा बिटाचा ढीग आला. तो खाऊन ते जेवणाची वाट पाहत बसले. वेटरच्या मते ते जेवले होते. अर्धा तास दोघं एकमेकांकडे सभ्यपणे पाहत होते. जावई उपाशी आहे हे कळल्यावर ही कासावीस झाली. डबा पिशवीत होता, पण त्यात आता तेहेतीस आणि एक. तिने तो एक टेबलाखालून दिला. "सर, ईट, प्लीज."

बिल झालं ऐंशी युरो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर ठेवाल ती निव्वळ खुशी. पण अमेरिकन हात तेवढ्यावर थांबत नाही. जावईबापूंनी वीस टक्के हिशोब करून दहाची नोट आणि दोन-दोनची तीन नाणी ठेवली. वेटरने ती जाताजाता पाहिली आणि अमेरिकेबद्दलचं त्याचं मत डोळ्यांदेखत सुधारलं.

"सोळा युरो?" हिने मला कानात विचारलं. "म्हणजे किती?"

"साडेचौदाशे."

"साडेचौदाशेत आपल्याकडे चौघं जेवून वर पान खातात."

आम्ही उठलो. दारापाशी पोचल्यावर मी मागे पाहिलं. वेटर टेबलापाशी उभा. ताटलीत फक्त नाणी. त्याने मान वर केली आणि सरळ जावईबापूंकडे पाहिलं. सहा फूट तीन इंचांकडे, त्या लाल पानाच्या बिल्ल्याकडे. आता त्याचं कॅनडाबद्दलचंही मत बदललं असावं. जावईबापू त्याला पाहून हसले आणि हात हलवला. ही पुढे झपाझप चालत होती, मूठ आवळून.

यावरून एक पुस्तक आठवलं. १९५८ साली अमेरिकेत 'द अग्ली अमेरिकन' नावाची कादंबरी आली आणि परदेशात जाऊन आगाऊपणा करणाऱ्या प्रत्येक अमेरिकनाला ते नाव चिकटलं. वास्तविक पुस्तकात जो कुरूप म्हणून वर्णिलेला इसम आहे तोच त्यातला भला माणूस. राकट हातांचा इंजिनियर, खेड्यात राहून सायकलवर चालणारा पाण्याचा पंप बनवतो. त्याची बायको म्हाताऱ्यांची वाकलेली पाठ पाहून लांब दांड्याचा झाडू शोधते. पण पुस्तकाचं नाव सगळ्यांनी वाचलं, आतलं सांगायला मात्र आमच्या शाळेच्या ग्रंथपालालाही ते कपाटातून काढावं लागलं होतं.

तोवर सगळे आळ जावईबापूंवर जाण्याच्या या व्यवस्थेची मलाही चटक लागली होती, कबूल करतो. पॅरिसच्या हॉटेलात सकाळी नाश्त्याला केळी, पाव, जॅमच्या चिमुकल्या बरण्या मांडलेल्या असत. आपल्या लोकांची याबाबतची ख्याती मला ठाऊक आहे. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलाने खास भारतीय पाहुण्यांसाठी, नाश्त्याचं सामान बरोबर नेऊ नये अशी पाटीच लावली होती आणि त्यावर बराच गहजब झाला होता. त्यामुळे हिच्या पर्समध्ये दोन केळी आणि चार बरण्या जाताना पाहून मला घाम फुटला. पण हॉटेलच्या मादामने मोजणी केली, आमच्या टेबलाकडे नजर टाकली, आणि ती नजर जावईबापूंवर जाऊन थांबली. एवढा मोठा माणूस, त्याला भूक तेवढी असणारच. अमेरिकन बरोबर असला की केळ्यांचा आळसुद्धा त्याच्यावर जातो. घरात खुंटी असावी तसं हे. येणारा-जाणारा आपला सदरा तिच्यावर अडकवतो आणि खुंटी काही म्हणत नाही. फक्त "सॉरी" म्हणते.

शेवटच्या रात्री वाण द्यायचं ठरलं. खोली एवढी, की जावई बसले तर आम्ही उभे आणि आम्ही बसलो तर दार उघडं. होकायंत्र लावून मी पूर्व काढली. पूर्वेला संडास होता. मग जरा ईशान्येला तोंड करून जावईबापूंना घडी घातलेल्या रजईवर बसवलं. शेजारी कन्या. हिने दोघांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, जावयाच्या हातात चांदीचं निरांजन ठेवलं, त्यात फुलवात लावली, शिवाय कोल्हापूरहून आणलेल्या चार उदबत्त्या. डब्यावर सुपारी, पान आणि दक्षिणा म्हणून दहा युरोंची नोट. नोटेच्या कोपऱ्यावर शाईचा ठिपका होता. जावईबापूंनी तो निरखून पाहिला, मग हिच्याकडे पाहिलं, आणि नोट कपाळाला लावून खिशात ठेवली. माणूस चांगला आहे, हे मी आधीच सांगितलं.

मी मोठ्याने श्लोक सुरू केला आणि छतावरून कोणीतरी त्याहून मोठ्याने सुरू केलं. धुराचा अलार्म. आधी आमच्या खोलीत, मग सगळ्या मजल्यावर. दारं उघडली. पायजम्यातले, टॉवेलातले, एका हातात मांजर घेतलेले लोक जिन्यात आले. मादाम गाऊन सावरत वर धावल्या. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं. भिंतीला चिकटलेलं एक निरुपद्रवी म्हातारं जोडपं, आणि खाली बसलेला अवाढव्य अमेरिकन, कपाळावर लाल टिळा, डोक्यात तांदूळ, हातात जळता दिवा.

"मिस्टर," मादाम म्हणाल्या, "तुमच्या देशात चालत असेल हे."

जावईबापूंनी आमच्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ही रजईकडे पाहत होती.

"सॉरी," ते म्हणाले. "चूक माझी."

दिवा विझवला, खिडकी उघडली, अलार्म थांबला. मग जावईबापू उठले, डब्याचं झाकण काढलं आणि जिन्यातल्या प्रत्येकापुढे डबा धरत निघाले. मी हिला म्हटलं, अगं वाण चाललं. ती म्हणाली, "दिलं ते त्यांचं झालं. त्यांनी काय करायचं ते करावं." पायजमेवाल्याने घेतला, टॉवेलवाल्याने दोन घेतले. मादामनी जरा आढेवेढे घेऊन एक उचलला, खसखस निरखली, अर्धा चावला, चघळला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"अच्छा!" त्या जावईबापूंना म्हणाल्या. "अमेरिकन कुकी. तरीच एवढी गोड."

दहा दिवस सगळे आळ जावयावर जाताना जिने चकार शब्द काढला नव्हता, ती आमची ही तेव्हा पदर खोचून पुढे झाली.

"नो अमेरिकन!" ती ओरडली. "कोल्हापूर! को-ल्हा-पूर! आय मेड, प्लीज!"

इतक्या मोठ्याने, की चौकापलीकडच्या इमारतीत एक दिवा लागला, खिडकी उघडली आणि कोणीतरी झोपमोड झालेल्या आवाजात लांबलचक काहीतरी खेकसलं. मला फ्रेंच येत नाही. शेवटचा शब्द तेवढा कळला. 'आमेरिकँ.'

जावईबापू डबा घेऊन खिडकीत गेले आणि अंधारात वाकून म्हणाले, "सॉरी."